टाचेवरचा हातमोजा

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, स्टोनहेंजपासून तीन-चार किलोमीटरवर एम्सबरी नावाचं गाव आहे. सतराव्या शतकात तिथल्या गॉन्टलेट घराण्यातले कारागीर तंबाखू ओढायचे मातीचे पाइप बनवीत. पाइपच्या वाटीखाली छोटीशी टाच असते. त्या टाचेवर ते चिलखती हातमोजाचा ठसा उठवीत, म्हणजे आपल्या आडनावाचंच चित्र. हा ठसा करंगळीच्या नखाएवढा, पण तो पाहून गिऱ्हाईक पाइप उचले. टॉमस फुलर या पाद्र्याने इंग्लंडमधल्या नामांकित माणसांची आणि वस्तूंची एक मोठी जंत्री तयार केली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर १६६२ मध्ये छापली गेली. तिच्यात या हातमोजा-छाप पाइपची तारीफ आहे आणि एका खटल्याची हकिकतही आहे. दुसऱ्या एका पाइपवाल्याने आपल्या मालावर हातमोजा उठवायला सुरुवात केली. गॉन्टलेटने त्याला कोर्टात खेचलं. त्याच्या वकिलाला फारसं काही बोलता येईना, तेव्हा त्याने स्वतःच न्यायाधीशांपुढे बचाव मांडला: त्यांच्या हातमोजाचा अंगठा एका बाजूला, माझ्या हातमोजाचा दुसऱ्या बाजूला, खानदानी ढालींवरच्या चिन्हांत डावा हात आणि उजवा हात वेगळे धरतात, मग इथे का नाही? तो सुटला. घेणाऱ्यांच्या पदरात मात्र माल तोच पडला, असं फुलर लिहितो.

ज्या वस्तूवरून हा दावा चालला, ती हातातून निसटली की तुकडे होणारी. चार दिवस ओढावी आणि उकिरड्यावर फेकावी. तरीही ती बनवणारा आपल्या खुणेसाठी कोर्टाची पायरी चढत होता. इंग्लंडमधल्या या कारागिरांचा इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट धरून ठेवते. त्यांच्या काळातले सुतार, विणकर, हमाल हजारोंनी निनावी गेले. पाइपवाला मात्र आपलं नाव मातीत दाबून, भाजून, लाखो तुकड्यांनी मागे ठेवून गेला.

हा धंदा इंग्लंडमध्ये पिढीजात नव्हता. १५५० साली त्या देशात पाइप बनवणारा एकही माणूस नसावा. १५७३ सालच्या नोंदीत विल्यम हॅरिसन हा इंग्रज लेखक सांगतो की, अमेरिकेतल्या इंडियन लोकांच्या तंबाखू नावाच्या वनस्पतीचा धूर लहानशा पळीसारख्या साधनाने तोंडात ओढायची पद्धत सध्या जोरात आहे. पळीची ही उपमा अगदी नेमकी, कारण सुरुवातीच्या पाइपची वाटी इतकी लहान होती की तिच्यात बोटाचं टोक जेमतेम शिरेल. तंबाखू महाग, म्हणून चिमूटच भरायची. पुढे अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून जहाजं भरभरून येऊ लागली, भाव कोसळला आणि वाटी दर पिढीला मोठी होत गेली. दीड-दोनशे वर्षांनी शेत नांगरताना ते जुने इवलेसे पाइप वर आले, तेव्हा खेड्यातल्या लोकांनी ठरवलं की हे माणसांचे नव्हेत, पऱ्यांचे.

पहिला जेम्स राजा तंबाखूचा कट्टर वैरी. १६०४ मध्ये त्याने तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि तिच्यावरची जकात पौंडामागे दोन पेन्सवरून सहा शिलिंग दहा पेन्सवर नेली. पण ओढणारे हटले नाहीत, आणि व्हर्जिनियाची वसाहत तर याच पिकावर जगू लागली. अखेर १६१९ मध्ये त्याच राजाने वेस्टमिन्स्टरच्या पाइप बनवणाऱ्यांना कंपनी स्थापण्याची सनद दिली. वाईट व्यसन, पण तिजोरीला चांगलं, हा हिशेब तेव्हापासून आजपर्यंत कुठल्याही सरकारला सुटलेला नाही.

आपल्या दख्खनमध्येही हेच वारं साधारण याच सुमाराला शिरलं. अकबराचा वकील म्हणून असद बेग आदिलशाहीच्या विजापुरात आला होता. तिथे त्याने तंबाखू पहिल्यांदा पाहिली. पोर्तुगीजांच्या वाटेने ती तिथवर पोचली होती. परत जाताना त्याने बादशहासाठी तंबाखू आणि एक नक्षीदार पाइप नेला: तीन हात लांब नळी सुमात्राच्या अचिनची, तिच्या दोन्ही टोकांना मीनाकारी, तोंडाला लावायला येमेनी अकीक, वर सोन्याची वाटी. अकबराने दोन-तीन झुरके घेतले, हकिमाने अडवलं आणि दरबारात वाद रंगला. जहांगीराने १६१७ मध्ये बंदी घातली. तीही टिकली नाही. पुढे आपल्याकडे कुंभाराची चिलीम आणि सरदाराचा हुक्का अशा दोन वाटा फुटल्या. बादशहाचा पाइप करणाऱ्या सोनाराचं नाव मात्र असद बेगने लिहिलेलं नाही.

इंग्रज कारागिराकडे ना सोनं, ना मीना. त्याच्याकडे माती होती, पण कुठलीही नव्हे. लोखंडाचा अंश जवळजवळ नसलेली, भाजल्यावर पांढरीशुभ्र होणारी, लोण्यासारखी चिकण माती. आपल्याकडे गणपतीसाठी शाडू लागतो, चालतील त्या मातीने भागत नाही, तसंच हे. ही माती डॉर्सेट आणि डेव्हन परगण्यांतून जहाजांनी बंदरोबंदरी जाई. कारखान्यात आली की भिजवायची, काठ्यांनी बडवायची, आतला खडा न् खडा आणि हवेचा बुडबुडा काढायचा. एक बारीक खडा राहिला तरी पुढे नळी तिथेच तडकते.

मग वळणाऱ्याचं काम. फळीवर मातीचा गोळा ठेवून तो तळव्याने वळत वळत लांब शेपटीचा करायचा, एका टोकाला वाटीपुरता फुगीर गड्डा ठेवायचा. अशा वळ्या जोडीजोडीने ठेवून किंचित सुकू द्यायच्या. ओल्या राहिल्या तर साच्याला चिकटतात, जास्त सुकल्या तर तार आत जात नाही. हा मधला क्षण घड्याळ सांगत नाही, बोट सांगतं.

तार घालणं हा या धंद्याचा गाभा. तेलात बुडवलेली लांब सरळ तार उजव्या हातात, वळी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत. तार शेपटीच्या टोकातून आत ढकलायची. ती आत कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. वळीवर धरलेली डाव्या हाताची बोटं तारेच्या टोकाबरोबर पुढे सरकतात आणि मातीतूनच तिचा अंदाज घेतात. तार तसूभर कलली की नळीची एक भिंत पातळ होते, कधी टोक बाहेरच डोकावतं. नळी एक वीत लांब असेल तर शिकाऊ पोरालाही जमे. पण अठराव्या शतकात दीड-दोन फूट लांब नळ्यांची चाल पडली. तेव्हा काडीइतक्या बारीक मातीतून इतक्या लांबवर बरोबर मध्यातून तार नेणारा हात म्हणजे वर्षानुवर्षांची कमाई होती.

तार आत ठेवूनच वळी साच्यात घालायची. साचा लोखंडाचा किंवा पितळेचा, दोन भागांचा, आतून तेल लावलेला. तो शेगड्यात घट्ट आवळायचा. वर एक दांडा असे आणि त्याला वाटीच्या पोकळीच्या आकाराचा लोखंडी खुंटा. दांडा दाबला की खुंटा मातीच्या गड्ड्यात शिरे आणि वाटी पोकळ होई. तेवढ्यात तार आणखी थोडी पुढे सारायची, म्हणजे नळीचं भोक वाटीला जाऊन मिळे. साचा उघडायचा, तार ओढून घ्यायची आणि पाइप सुकायला फळीवर. पुढे साच्याच्या जोडाची शिवण सुरीने तासणं, वाटीचा काठ साफ करणं, टाचेवर ठसा दाबणं, भारी माल असेल तर अकिकाच्या तुकड्याने घासून चकाकी आणणं. तयार हाताखालून दिवसाला कित्येक शे पाइप जात.

भट्टीचं बांधकाम बघण्यासारखं. पाइपला धूर आणि ज्वाळा लागल्या तर डाग पडतात, म्हणून भट्टीच्या आत मातीचं मोठं पिंप बांधत आणि त्यात पाइप रचत. आग पिंपाभोवती फिरे, आत शिरत नसे. त्या पिंपाच्या भिंतींना बळकटी यावी म्हणून मातीत मोडक्या नळ्या आडव्या-उभ्या घालत. उत्खननात अशा भट्ट्यांचे तुकडे मिळतात आणि त्यांच्या कापात नळ्यांची भोकं ओळीने दिसतात. तुटलेला मालही वाया जात नव्हता. पुढे पिंपाऐवजी भाजणीची वेगवेगळी मातीची भांडी एकावर एक रचायची पद्धत आली. भाजून निघालेली माती सच्छिद्र असते, ओठाला चिकटते, कातडी सोलून काढते. म्हणून नळीच्या टोकाला मेण किंवा लाख लावत.

दारूच्या गुत्त्यात आलेला प्रत्येक जण पाइपच्या टोकाचा तुकडा मोडून टाके आणि मग ओढे, ही गोष्ट इंग्लंडमध्ये फार सांगितली जाते. तिला आधार नाही. गुत्तेवाले वापरलेले पाइप लोखंडी चौकटीत भरून पुन्हा आगीत घालत. काजळी जळून जाई आणि पाइप नव्यासारखा पांढरा होई. १६६५ च्या लंडनच्या प्लेगात तर धूर म्हणजे औषध मानला गेला. ईटनच्या शाळेत मुलांना रोज सकाळी तंबाखू ओढायला लावत आणि न ओढल्याबद्दल आपल्याला फटके बसले होते, असं तिथल्या एका विद्यार्थ्याने नंतर सांगितल्याची नोंद आहे.

एवढी मागणी, मग पाइपवाला सधन झाला का? फार थोडे. धंद्याला भांडवल थोडं, जागा थोडी. घराची मागची खोली, एक फळी, एक शेगडा, दोन साचे. म्हणून जो तो यात उतरे आणि भाव पाडे. लंडनच्या कंपनीला १६३४ आणि १६६३ मध्ये पुन्हा सनदा घ्याव्या लागल्या, ब्रिस्टलच्या कारागिरांनी १६५२ मध्ये स्वतःची संघटना उभारली. तरी बाहेरचे लोक पाइप बनवीतच राहिले. गावच्या खर्चाने पोसलेली अनाथ मुलं उमेदवार म्हणून पाइपवाल्यांच्या गळ्यात बांधली जात. पुष्कळांना जोडीला गुत्ता किंवा दुसरं काही चालवावं लागे. १६९५ मध्ये फ्रान्सशी लढाई चालू असताना पार्लमेंटने काच आणि मातीच्या बाटल्यांबरोबर पाइपवरही कर बसवला. धंदा बुडाला, माणसं रस्त्यावर आली, असे अर्ज गेले आणि काही वर्षांतच तो कर काढावा लागला.

खरी मालमत्ता म्हणजे साचा. तो मृत्युपत्रांत स्वतंत्रपणे नोंदलेला सापडतो. नवरा गेला की साचे विधवेकडे येत आणि ती धंदा चालू ठेवी; या व्यवसायात विधवांची नावं वारंवार भेटतात. साच्यात नवऱ्याची आद्याक्षरं कोरलेली असत, त्यामुळे मेलेल्या माणसाच्या नावाचे पाइप पुढे वर्षानुवर्षं निघत. आज संशोधकाला त्याचा त्रास होतो. मला मात्र त्या तुकड्यावर दोन माणसं दिसतात, एक नावाचा आणि एक हातांची.

हे हात परदेशीही गेले. १६०८ मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला जी जहाजं पोचली, त्यांच्यावरच्या माणसांच्या यादीत रॉबर्ट कॉटन हे नाव आहे आणि पुढे हुद्दा: तंबाखूचे पाइप बनवणारा. तिथे पांढरी माती नव्हती. त्याने तिथल्या तांबूस मातीचे पाइप केले. जेम्सटाउनच्या पहिल्या किल्ल्यातल्या एका विहिरीत तशाच मातीचे पाइप मिळाले आणि त्यांच्या नळ्यांवर वॉल्टर रॅलेसारख्या बड्या आश्रयदात्यांची नावं अक्षर-अक्षर दाबून उठवलेली आहेत. हे लंडनला पाठवायचे नजराणे असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. भुकेने आणि रोगांनी माणसं मरत होती, त्या वसाहतीत हा एक माणूस बसून ओल्या मातीत छापखान्यासारखी अक्षरं दाबत होता.

दुसरी वाट हॉलंडची. डच सैन्यात चाकरी केलेला इंग्रज शिपाई विल्यम बार्नेल्त्स १६१७ मध्ये खाउडा गावात स्थायिक झाला आणि पाइप बनवू लागला. मुकुट घातलेला गुलाब, इंग्लंडच्या राजघराण्याचं फूल, ही त्याची खूण. डच लोकांनी कसब उचललं, १६६० मध्ये खाउड्यात पाइपवाल्यांचा संघ उभा राहिला आणि अठराव्या शतकात खाउड्याचा पाइप युरोपभर उत्तम मानला जाऊ लागला. खुणांची नक्कल तिथेही सुटली नाही. संघाच्या दप्तरात खुणा नोंदवून ठेवाव्या लागत.

इंग्लंडमध्ये नाव मोठं झालं ते सेव्हर्न नदीकाठच्या ब्रोजलीचं. माती तिथल्या कोळशाच्या थरांखालीच मिळे, भट्टीला कोळसा उशाशी आणि माल न्यायला नदी. पुढे माती दक्षिणेकडून येऊ लागली, तरी धंदा हलला नाही. पलीकडे कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलं, १७७९ मध्ये तिथे जगातला पहिला मोठा लोखंडी पूल उभा राहिला. शाळेत आपण औद्योगिक क्रांती शिकलो ती याच दरीतली. ती घडत असताना डोंगरउतारावरच्या घरांमध्ये पाइपवाले आपल्या हाताने तार घालत होते आणि यंत्रयुग त्यांच्या अंगणातून गेलं तरी त्यांचं काम यंत्राला जमलं नाही. लंडनच्या कॉफीहाउसांत ब्रोजलीचे लांब पाइप मानाने ओढले जात. विल्यम साउदर्नने १८२३ मध्ये सुरू केलेला कारखाना या गावात सगळ्यात जास्त टिकला. एकोणिसाव्या शतकात साच्यावर बसणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. मजुरी नगावर. मातीचा कोरडा पांढरा धुरळा सुऱ्या चालवताना उडे आणि दिवसभर छातीत जाई.

धंद्याचा शेवट तीन बाजूंनी आला. १८५० नंतर फ्रान्सच्या सां-क्लोद गावातले लाकडी पाइप आले. ते पडले तरी फुटत नव्हते. क्रिमियाच्या युद्धावरून परतलेल्या शिपायांनी सिगारेटची सवय आणली. आणि १८८३ मध्ये ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने बॉन्सॅकचं सिगारेट वळणारं यंत्र घेतलं. तार मध्यातून नेण्याचं कसब यंत्राला चोरता आलं नाही. यंत्राने त्या कसबाची गरजच संपवली. शेवटच्या काळात पाइपवाले मुलांसाठी साबणाचे फुगे काढायच्या नळ्या आणि जत्रेत नेमबाजीच्या खेळात फोडायचे पाइप करून दिवस काढत.

या हातांना न्याय मिळाला तो पुरातत्त्वामुळे. जेम्सटाउनला उत्खनन केलेल्या जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये अगदी साधी गोष्ट केली. त्यांनी ड्रिलची वेगवेगळ्या जाडीची पाती मोडक्या नळ्यांच्या भोकात घालून पाहिली. १६२० च्या आधीच्या नळ्यांचं भोक बहुधा इंचाच्या ६४ भागांपैकी ९ भाग, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. १६५० ते १६८० मध्ये ते ७ भागांवर आलं आणि १७५० नंतर ४ भागांवर. नळ्या लांब आणि सडपातळ होत गेल्या, तशी कारागिरांनी तार बारीक केली. कुणी हुकूम काढला नव्हता. हजारो घरांतल्या हजारो हातांनी, एकमेकांना न विचारता, दीडशे वर्षांत हा बदल केला. त्यामुळे खूण नसलेल्या, दोन पेरांएवढ्या नळीच्या तुकड्यांवरूनही एखाद्या वस्तीचा काळ ठरवता येऊ लागला. नाणी जपली जातात, पिढ्यान् पिढ्या फिरतात. पाइप मात्र बनतो, फुटतो आणि तिथेच मातीत जातो. म्हणून काळ ठरवायला तो नाण्याहून भरवशाचा.

लुईस बिनफर्ड या पुरातत्त्वज्ञांनी पुढे या आकड्यांचं सूत्र मांडलं. नळ्यांच्या भोकाचा सरासरी व्यास इंचाच्या ६४ व्या भागांत मोजायचा, त्याला ३८.२६ ने गुणायचं आणि तो गुणाकार १९३१.८५ मधून वजा करायचा; येतो तो त्या ढिगाचा मध्यकाळ. साधारण १६८० ते १७६० या काळासाठी हे छान जुळतं. त्यापुढे नाही, कारण तार आणखी बारीक करणं मातीला आणि बोटांना शक्य नव्हतं. कागदावर ती रेघ तशीच ओढत नेली तर १९३१ साली भोक शून्यावर येतं. ब्रोजलीत साउदर्न यांच्या कारखान्यात त्यानंतरही २६ वर्षं, १९५७ मध्ये तो बंद होईपर्यंत, तेलात बुडवलेल्या तारा वळ्यांमधून जात होत्या आणि पाइप भट्टीतून निघत होते. १९९६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं.